लहान मुलांच्या डोक्याला मार: पालकांना अर्ध्या तासात काय सांगू?

चिवचिव: पाळणाघरातल्या पालकांसाठी बैठक घ्यायचं माझ्या गळ्यात पडलंय. मुलं सगळी 3 वर्षांच्या आतली. "पडल्यावर झोपू द्यायचं नाही ना?" हे दर वेळी कोणीतरी विचारतंच. सुरुवात कुठून करू?

सुईदोरा: टेंगळापासून कर. मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. आईबाबा टेंगूळ केवढं ते बघतात, आम्ही कुठे आलंय ते बघतो. कपाळावर लिंबाएवढं आलंय, पण मूल लगेच रडलं आणि दहा मिनिटांत खेळायला लागलं, तर बहुधा निभावतं. तेच कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे मऊ, पिचपिचीत सूज असेल आणि मूल वर्षाच्या आतलं असेल, तर ते हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. बाजूचं हाड पातळ असतं. दोन वर्षांखालचं मूल 3 फुटांहून जास्त उंचीवरून पडलं तरी दाखवायचं.

शुद्ध हरपली, झटका आला, उलट्या थांबत नाहीत, कानानाकातून पाण्यासारखं काही येतंय, डोळ्यातली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, किंवा "हे आमचं नेहमीचं बाळ नाही" असं आईला वाटतंय: थेट रुग्णालय. हे शेवटचं लक्षण आम्हीही गंभीरपणे घेतो.

झोपेची वेळ झाली असेल आणि मूल ठीक असेल तर झोपू दे. अवेळी पेंगतंय, उठवता उठत नाही, तर मात्र घाई कर.

ओला मोजा: आमची चार महिन्यांची पलंगावरून पडली. मी फक्त डायपर घ्यायला वळलो होतो. त्या दिवसापर्यंत ती कुशीवरसुद्धा वळत नव्हती हो!

चिवचिव: बापरे. आणि वॉकर? दोघातिघांकडे आहे, बोलले तर नाराज होतील.

सुईदोरा: होऊ देत. वॉकरमधलं मूल आपण धावेपर्यंत जिन्याशी पोचतं. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

भोपळा: रक्ताचंही सांगा ताई. डोक्याची जखम छोटी असली तरी भळाभळा वाहते, मी तर पाहूनच गळाठलो होतो.

सुईदोरा: बरोबर. स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही. हाड दबल्यासारखं लागलं तर मात्र दाबायचं नाही. टेंगूळ चोळू नका, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा.

चिवचिव, एक बाहुली घेऊन जा. एक हात बाहुलीच्या पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने डायपर घ्यायला लाव प्रत्येकाला. हात पोचला नाही तर घरी डायपरची जागा बदलायची.