एसएनसीयूतून घरी आलेलं १७०० ग्रॅमचं बाळ: बल्बची पेटी करावी का?

सीएचओ_पाटण
३३ आठवड्यांचं बाळ, जन्मवजन १५८०, आज १६ वा दिवस, वजन १७००. परवाच एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) सोडलंय, वाटी-चमच्यानं दूध घेतं. वाडी कोयनेकाठची, रात्री कडाक्याची थंडी, लाईटचा भरवसा नाही. घरच्यांनी थर्माकोलच्या खोक्यात साठचा बल्ब लावून पेटी करायचं ठरवलंय आणि आजीला खाटेखाली शेगडी हवीय. कमी खर्चात काय करता येईल? दूध नेमकं किती? आशाताईंनी काय बघायचं?

बायोमेडिकल_सांगली
पेटी नको. वॉर्मरमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या ऊब देणाऱ्या यंत्रात, बाळाच्या पोटावर तापमान मोजणारा प्रोब चिकटवलेला असतो, त्वचेचं तापमान बघून हीटर आपोआप कमी-जास्त होतो. खोक्यात ते काम कोण करणार? बल्बच्या बाजूला भाजतं, दुसरी बाजू गार राहते. जास्त तापलं तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, श्वास मध्येच थांबू शकतो. वर थर्माकोल पेट घेतो ते वेगळंच. एलईडी लावला तर उजेडच मिळेल, ऊब नाही. आणि लाईट गेली की खोकं गार, रात्री कुणाला पत्ताही लागत नाही.

बंद खोलीत शेगडी म्हणजे कोळशाचा विषारी वायू, तो बाळंतिणीलाही बाधतो. गरम पाण्याची पिशवीही नको, एवढ्या कोवळ्या कातडीला चटका बसायला वेळ लागत नाही.

सिस्टर_मिरज
लाईट नसलेल्या घरातला वॉर्मर म्हणजे आईची छाती. कांगारू पद्धत, म्हणजे बाळ उघड्या छातीला लावून ठेवणं, १९७८च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला इनक्युबेटर कमी पडले म्हणूनच निघाली. डब्ल्यूएचओच्या २०२२च्या शिफारशीत दिवसाला ८ ते २४ तास म्हटलंय.

बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. दोन्ही स्तनांच्या मधे उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, म्हणून नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. जुन्या सुती नऊवारीचा तीनेक मीटर तुकडा घेऊन घट्ट बांधा, वरची कड बाळाच्या कानाखाली. वरून पदर किंवा शाल. एका बैठकीला निदान तासभर. दहा-दहा मिनिटांनी आत-बाहेर केलं तर बाळ उलट थकतं.

सीएचओ_पाटण
सिझर आहे, आई फार वेळ बसू शकत नाही. बाळ खाली घसरतंय म्हणते.

सिस्टर_मिरज
घसरतं कारण गाठ वर बांधली जाते आणि बाळाच्या बुडाला आधार उरत नाही. कापडाची खालची कड बुडाखालून घ्या, गाठ आईच्या बगलेजवळ. पाठीला दोन-तीन उशा देऊन तिला अर्धवट टेकवा, सपाट झोपवू नका. बाकीचे तास वडील, आजी, आत्या. आजीची शेगडीची हौस अशी फिटते, तिची ऊब खरंच उपयोगी पडते. बाळ छातीवर असताना धूर आणि तंबाखू मात्र जवळ नको.

बालरोग_कराड
या वयात दिवसाला किलोमागे १६० मिली धरा. १.७ गुणिले १६० म्हणजे २७२. दर दोन तासांनी बारा वेळा, प्रत्येकी साधारण २३ मिली. घरचे चमचे एकसारखे नसतात, एकदा सिरिंजनं मोजून वाटीत खूण लक्षात ठेवा. बाळाला अर्धवट उभं धरून ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्या, गिळल्यावर पुढचा घोट. एका वेळेला अर्ध्या तासाहून जास्त लागायला लागला तर बाळ थकतंय, कळवा. पिळलेलं दूध बाहेर चार तास टिकतं. गार झालं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, उकळू नका. गुटी, मध, साखरपाणी काहीच नाही.

वजन दिवसाला किलोमागे १५ ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे इथं पंचवीसेक. आशाताईंच्या काट्यावर पन्नास-शंभरच्या रेघा असतील तर रोजचा फरक दिसणारच नाही. आठवड्याला एकदा, तोच काटा, झोळीचं वजन वजा करून. पावणेदोनशेच्या आसपास वाढ हवी.

पोट-पाय दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार, पाय गार असले तर लगेच कांगारू सुरू करा. दोन्ही गार असतील तर धोका. काखेत थर्मामीटर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट. ९५.९च्या खाली गेलं, दूध सोडलं, निळं पडलं, झटके आले, हलवल्याशिवाय हालचाल नाही किंवा श्वास मिनिटाला ६० आणि वर, तर दवाखान्यात न्यायला थांबू नका. श्वास पूर्ण मिनिट मोजा, ही बाळं मधेमधे काही सेकंद थांबून श्वास घेतात, त्यामुळे पंधरा सेकंदांना चारनं गुणलं की हमखास चुकतं.

डी जीवनसत्त्व रोज ४०० युनिट. बाजारात मिलीला ४०० आणि ८०० असे दोन्ही ड्रॉप मिळतात, बाटली वाचल्याशिवाय 'एक मिली' सांगू नका. लोहाचे थेंब दोन आठवड्यांनंतर सुरू होतात, डिस्चार्ज कार्डावर आहेत का बघा.

आणि सगळ्यात जास्त निसटतं ते डोळ्यांच्या पडद्याचं. २००० ग्रॅमखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या प्रत्येक बाळाची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळाला होणारा पडद्याचा आजार) तपासणी तीस दिवसांच्या आत. दिवस जन्मापासून मोजायचे, डिस्चार्जपासून नव्हे. तुमच्या बाळाचे १४ दिवस उरलेत. बाळ चांगलं दिसतं म्हणून लोक जात नाहीत, पण बिघाड बाहेरून दिसतच नाही. आजच फोन करून तारीख घ्या.

सिस्टर_मिरज
गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, १०२ला सांगा. घाट उतरतानाही बाळ कापडात गुंडाळून मांडीवर नको, छातीलाच बांधलेलं हवं. वाटेतल्या वेळेचं पिळलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सोबत ठेवा.