रात्रीचं जेवण सोडलं आणि तलावपाळीवर शुगर 58

नौपाडा_52
वय 52, वजन 78 किलो, उंची पाच फूट एक. मधुमेहाला चार वर्षं झाली. नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेते. तीन महिन्यांची साखर 8.4 आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. कसं, ते विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली. मग मीच रात्रीचं जेवण बंद केलं आणि पहाटे ठाण्यातल्या तलावपाळीला, म्हणजे तलावाकाठच्या रस्त्याला, फेऱ्या सुरू केल्या. अकरा दिवसांत दोन किलो उतरलं. गेल्या मंगळवारी तिसऱ्या फेरीला, कौपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला, हात थरथरायला लागले. ओढणी घामानं ओली, फुलांच्या परड्या दोन-दोन दिसायला लागल्या. फुलवालीनं धरून बसवलं, स्वतःचा चहा पाजला. मुलगा मशीन घेऊन धावत आला, चहा पिऊनही 58.

आता चालायचीच धास्ती बसलीय. पण माझ्या आईचा पाय याच आजारात कापावा लागला, त्यामुळे वजन उतरवायचंच आहे. कसं करू?

कोपरीकर
ताई, चालणं चुकलं नाही. रात्रीची गोळी पोटात गेली आणि जेवण गेलं नाही, तिथे घात झाला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेल्या असा वा नसा. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा इतकी पडत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, खाणं कमी करतेय, गोळीचं काय करू? मनानं मात्र गोळी सोडू नका.

ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, 2017 साली निकाल आले. वजन उतरवून जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला. पण त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. हे कुणी सांगत नाही.

मी 89 वरून 78 वर आलो, चौदा महिने लागले. रात्री तीन पोळ्या खायचो, आता एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, ताटात अर्धी जागा भाजीला. आठच्या आत जेवण, मग वीस मिनिटं चालणं. एकही जेवण चुकवलं नाही. तुम्हाला पहिले चार किलो उतरले तरी शुगरमध्ये फरक दिसेल.

उपवन_सकाळ
मी औषधांच्या दुकानात काम करते. निघण्याआधी बोट टोचा. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

वाचणाऱ्यांपैकी कुणी डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसरी गोळी घेत असेल तर कडक उपास किंवा भात-पोळी पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

नौपाडा_52
दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रात्री आता नुसती मेटफॉर्मिन, सकाळची गोळीही कमी ताकदीची, आठवडाभर शुगर वहीत लिहून आणायला सांगितलंय. काल मशीनवर 118 बघून बाहेर पडले, दोन फेऱ्या झाल्या. फुलवालीनं लांबूनच विचारलं, "आज खाल्लं ना काही?" रडूच आलं.

कोपरीकर, एक सांगा. रविवारी नणंदेकडे जेवण आहे, ती आग्रहानं दोनदा भात वाढते. तिथे तुम्ही काय केलं असतं?