पेपरवाला पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणतो

*सेक्रेटरी:* नमस्कार. बिल्डिंगमध्ये आता दोनच घरी पेपर लागतो, तेवढ्यासाठी फोंड्याहून फेरी परवडत नाही असं पेपरवाला सांगून गेला. आणखी पाच घरं मिळाली तर चालू ठेवीन म्हणतो. कोणाला हवा असल्यास कळवा.

*बी-१०२:* आम्ही लॉकडाऊनला बंद केला तो केलाच. बातम्या आदल्या रात्रीच मोबाईलवर येतात. रद्दी कशाला वाढवायची?

*ए-३०१ काका:* बाळा, रात्री येतात त्या पणजीच्या नि दिल्लीच्या. ग्रामसभेत भांडण झालं की व्हिडिओ फिरतो, पण ठराव कुठला झाला ते कोण सांगतं? ते गावचा वार्ताहर लिहायचा. खप उतरला, जाहिराती मोबाईलकडे गेल्या. उरलेल्या वार्ताहरांनी कुठं कुठं धावायचं?
१९६७ च्या जनमत कौलाला मी शाळेत होतो. 'गोमन्तक' पेपर गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात. आमच्याकडे वडील एक वाचायचे, मामा दुसरा. जेवताना जुंपायची, पण समोरच्याचं म्हणणं दोघांनाही पाठ. ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. आज 'राष्ट्रमत' नाही. कोंकणीतला 'सुनापरान्त'ही २०१५ ला बंद पडला. फार वाईट वाटतं.

*ए-२०२ ताई:* काका, आम्हाला तर फटकाच बसला. माझ्या माहेरी डिचोलीकडे रस्त्यासाठी जमीन गेली. नोटीस मराठी पेपरात आली होती, आतल्या पानावर, सर्व्हे नंबरांची बारीक यादी. आईने पेपर बंद केलेला, भाऊ मुंबईला. कळलं तोवर हरकतीचे ६० दिवस उलटून गेले होते.

*बी-१०२:* पण ताई, नोटीस वेबसाइटवरही टाकतात ना?

*ए-३०१ काका:* टाकतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ बघ. दोन दैनिकांत द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पंचायतीत लावायची, वेबसाइटवरही घालायची. पण सकाळी चहा घेताना सरकारी वेबसाइट कोण उघडतं? पेपरात माणूस निधनाच्या बातम्या बघायला पान उलटतो आणि आपल्या गावाचं नाव नजरेस पडतं.

*बी-३०३ काकी:* निधनाचं तर विचारूच नका. माझी शाळेतली मैत्रीण गेली, मला बारावं झाल्यावर कळलं. 🙏

*ए-१०१:* ई-पेपर चालेल की. मी फोनवर वाचतो.

*ए-३०१ काका:* तू वाचतोस, चांगलं आहे. पण तुझी आजी कशी वाचणार? घरात पेपर टेबलावर पडलेला असला की सगळे चाळतात.

*बी-१०२:* ताईंचं वाचून पटलं. आमचीही सत्तरीत बागायत आहे, एक-चौदावर (गोव्यातला सातबारा) आजोबांचं नाव. माझं नाव घाला. कुठला लावू?

*ए-३०१ काका:* कुठलाही लाव, फक्त माझ्याहून वेगळा. दुपारी अदलाबदल करू.

*बी-३०३ काकी:* आमचंही घाला.

*सेक्रेटरी:* दोन नावं आली, अजून तीन हवीत. रविवारपर्यंत सांगा. पैसे ज्याने त्याने पेपरवाल्याला द्यायचे, मेंटेनन्समध्ये धरणार नाही.