मदत हवी आहे: गटार पालिकेचं की साबांखाचं (सार्वजनिक बांधकाम खात्याचं)?

बाजाराकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्याचं गटार उघडं पडलंय. लाद्या खचल्यात. चतुर्थीआधी कुणीतरी वर माडाची चुडतं टाकली, तीच काय ती दुरुस्ती! पालिका म्हणते रस्ता साबांखाचा, साबांखा म्हणतं पालिकेचा. (कुठल्या पक्षाने काय केलं, ते भांडण वॉर्डात रोज चालतं, इथे नको.)

नगरसेवकांना भेटून झालं, दोन्हीकडच्या अर्जांची पोच आहे. माहिती हक्काखाली विचारलं तर पालिकेने ‘नोंद उपलब्ध नाही’ एवढंच कळवलं. कलम ६(३) प्रमाणे अर्ज साबांखाकडे वर्ग केलाच नाही. पहिल्या अपिलाची ३० दिवसांची मुदत अजून संपलेली नाही. वकील परवडणार नाही.

आता अपील करू, की साबांखाकडे नवा अर्ज टाकू? आणि रस्ता कुणाच्या ताब्यात, हे नेमकं कुठल्या कागदावरून ठरतं?