ध्वनिलहरींचा फ्रिज गार होईना, गुरुवारी प्रदर्शन, मदत हवी आहे!

तारकर्लीकर: स्पीकरवर नळी, नळीत गुंडाळी, सगळं व्हिडिओत दाखवलंय तसंच. आवाज कानठळ्या बसवतो, पण गुंडाळीच्या दोन्ही टोकांचं तापमान सारखंच. काय चुकतंय? लवकर सांगा.

कातळसडा: नळी किती लांब? फ्रिक्वेन्सी? गुंडाळी कशाची, कुठे बसवलीय? काहीच न सांगता आम्ही काय कौल लावायचा?

तारकर्लीकर: अ‍ॅक्रिलिक नळी २३ सेंमी, वर रबरी बूच. स्पीकर ४ इंची. ५०० हर्ट्झ. गुंडाळी ट्रान्स्परन्सीची (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिक शीटची), घट्ट, बरोब्बर मधोमध.

कातळसडा: घट्ट? मग हवा जाणार कुठून! पट्टीवर ०.३५ मिमीचं तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) दर ५ मिमीवर आडवं चिकटवा, मग गुंडाळा. ३८० हर्ट्झला हवेत उष्णता एका आवर्तनात जेमतेम ०.१३ मिमी आत शिरते. फट त्याच्या दोन ते चार पट हवी.
५०० कुठून काढलंत? ३० अंशांना ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मी./से., भागिले चौपट लांबी, म्हणजे ३८०च्या आसपास. बुचातून बारीक माईक आत सोडा, ३४० ते ४२० दोन-दोन हर्ट्झने सरका, माईकचं रीडिंग जिथे उसळेल तिथे थांबा. भोक एम-सीलने बुजवा, गळती असेल तर सगळंच फुकट.

भंगारवाला_चिपळूण: तंगूस चिकटवत कोण बसणार? गाडीच्या सायलेन्सरमधलं सिरॅमिकचं पोळं कापून घाला.

कातळसडा: त्याची भोकं साधारण १ मिमीची, इथे फार मोठी. शिवाय सिरॅमिकमधून उष्णता परत गार टोकाला येते. उष्णतेपासून ध्वनी काढणाऱ्या इंजिनात ठीक, फ्रिजला प्लॅस्टिकच बरं.

हापूसप्रेमी: यात आंब्याच्या पेट्या राहतील का? १३ अंशांखाली हापूस काळा पडतो म्हणून विचारतो.

कातळसडा: काका, यात एक फोडही गार व्हायची नाही. १९९२ साली डिस्कव्हरी यानातून असा फ्रिज अंतराळात गेला, पण त्यात दाबाखालचा हेलियमयुक्त वायू होता. इथे साधी हवा आहे.

वेंगुर्ला_वर्कशॉप: मधोमध हवेची ये-जा जास्त, घर्षणातच उष्णता होते. गुंडाळी बुचापासून ४ सेंमीवर आणा. बूच अ‍ॅल्युमिनियमचं करा, वर ओला फडका. बुचाकडचं टोक तापतं, स्पीकरकडचं गार होतं. आणि तापमान मोजता कशाने?

तारकर्लीकर: लेझर गनने, बाहेरून.

वेंगुर्ला_वर्कशॉप: अरे देवा! ती अ‍ॅक्रिलिकचं तापमान दाखवते. थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचे) मणी गुंडाळीच्या दोन्ही तोंडांना टेकवा.

तारकर्लीकर: ३८४ला माईक उसळला! वर ३६, खाली २४. पण दहा मिनिटांनी फरक कमी होत गेला, आणि खालचं तोंड ओलं दिसतंय.

वेंगुर्ला_वर्कशॉप: दव. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की २६च्या खाली पाणी सुटणारच, आणि त्या फटीत एक थेंब बसला की वाट बंद. गुंडाळी वाळवा, रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जेलची एक पुडी स्पीकरच्या खोक्यातही टाका. गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं करून घ्या.