शब्दचर्चा: 'शेवटच्या दोन रिळांत चित्रपट घसरतो' – रीळ की फीत?

मुद्रितशोधक_दादर:
जुने चित्रपट नुकतेच पाहून लिहिलेल्या प्रतिक्रियांचा एक विभाग छपाईला जातोय. त्यातलं एक वाक्य: 'शेवटच्या दोन रिळांत चित्रपट घसरतो.' संपादनाच्या फेरीत 'रिळांत' खोडून 'चित्रफितींत' केलंय. समासात शेरा असा: 'इंग्रजी शब्द टाळावा, शिवाय आजचा वाचक मोबाइलवरची रील समजेल.' लेखकाला हा बदल अजिबात मान्य नाही. 'शेवटच्या वीस मिनिटांत' असा मधला तोडगाही सुचवला गेलाय. तिन्हींतलं काय ठेवावं?

केबिनवाला:
रीळ ठेवा. 'चित्रफीत' हा शब्द वर्तमानपत्रांनी केव्हाच दुसऱ्या कामाला लावलाय. 'मारहाणीची चित्रफीत व्हायरल' हे मथळे रोजचे आहेत. म्हणजे मोबाइलचा घोटाळा टाळायला जो शब्द घातला, तोच मोबाइलच्या जास्त जवळचा.

शिवाय रीळ, म्हणजे चित्रपटाच्या पट्टीची गुंडाळी, हे माप आहे. ३५ मिलिमीटरच्या पट्टीत एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९० फूट पट्टी सरकते. रीळ साधारण १,००० फुटांचं, म्हणजे जास्तीत जास्त ११ मिनिटं. जुन्या चित्रपटांच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि मीटरमधली लांबी छापलेली असते, ती पाहा. १४ रिळं आणि ३,९०० मीटरच्या आसपास आकडा असेल, तर चित्रपट दोन तास वीस-बावीस मिनिटांचा. 'शेवटची दोन रिळं' असं लिहिणाऱ्याने नेमकं काहीतरी सांगितलंय.

लालबाग_मॅटिनी:
मग हिशेब वीस मिनिटांचाच झाला की. 'वीस मिनिटांत' लिहिलं तर काय बिघडलं? ज्याने रीळ कधी पाहिलेलंच नाही त्यालाही समजेल.

केबिनवाला:
बिघडतं ते असं, की रीळ पडद्यावर दिसतं. जुन्या प्रतीवरून उतरवलेला कुठलाही चित्रपट लावा आणि उजवा वरचा कोपरा बघत राहा. रीळ संपायला सात-आठ सेकंद उरली की तिथे एक ठिपका चमकतो. चारच चौकटींचा असतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो दिसला की ऑपरेटरने दुसऱ्या मशीनची (प्रोजेक्टरची) मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका येतो, तेव्हा पडदा या मशीनवरून त्या मशीनवर द्यायचा. थिएटरात बहुधा दोन-दोन रिळं जोडून २,००० फुटांचं एक करत. त्यामुळे १४ रिळांच्या चित्रपटात बदल सहाच, पण मोजणी मात्र १४ चीच.

रिळाची दोन्ही टोकं सगळ्यात जास्त झिजतात. जोडताना, सोडवताना, पुन्हा गुंडाळताना हात तिथेच लागतो. टोक फाटलं की दोन-चार चौकटी कापून सांधा मारायचा. अशी कापाकापी होत गेली की वाक्याचं शेपूट जातं. आवाजाची पट्टी चित्राच्या विसेक चौकटी पुढे छापलेली असते. म्हणून सांध्यावर आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदभराच्या आत आवाज. जुना चित्रपट 'मध्येच तुटक वाटला' अशी प्रतिक्रिया देणाऱ्याने आधी ती तुटक जागा रिळाच्या टोकाला आहे का ते तपासावं. तशी असेल तर दोष प्रतीचा आहे, दिग्दर्शकाचा नाही. 'वीस मिनिटांत' लिहिलं की हा तपास करायची वाटच बंद होते.

स्वभाषाप्रेमी:
तांत्रिक माहिती उत्तम. पण भाषेचा प्रश्न उरतोच. रीळ इंग्रजी आहे, फीत आपली आहे. बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. तेही सुरुवातीला कानाला खटकलेच असतील, आज कुणाला खटकतात? 'चित्रफीत' वर्तमानपत्रांनी भलतीकडे वापरला म्हणून तो सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. प्रत्येक शब्द असाच हातचा जातो.

वसईकर:
फीत आपली कशी? ती पोर्तुगीज 'फिता'. वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला, पण चावी, पगार, बटाटा आणि फीत इथेच राहिले. पोर्तुगीजमध्ये आजही चित्रपटाच्या पट्टीला 'फिता'च म्हणतात. एक परका शब्द काढून दुसरा परका शब्द घालायला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

स्वभाषाप्रेमी:
चारशे वर्षं घरात राहिलेला पाहुणा राहत नाही. फितीला तुम्ही आज पोर्तुगीज म्हणणार असाल तर बटाटेवडाही म्हणा.

वसईकर:
तोच न्याय रिळाला लावा. मुंबईत लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला झाला. सव्वाशे वर्षं उलटून गेली. आणखी किती थांबायचं?

गिरगाव_व्याकरण:
रीळ मराठी झाल्याचा पुरावा त्याच्या रूपातच आहे. 'ल'चा 'ळ' झाला, नपुंसकलिंग मिळालं, आणि सामान्यरूपात दीर्घ 'री' ऱ्हस्व झाली: रीळ, रिळाचा, रिळांत. पीठ-पिठाचा, फूल-फुलाचा, तसंच. दोऱ्याचं रीळ शिवणाच्या डब्यात असतं, त्याला कुणी इंग्रजी म्हणत नाही. मांज्याला मात्र फिरकी. चित्रपटवाल्यांनी सुरुवातीलाच फिरकी उचलली असती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

संपादकांना वाटणाऱ्या घोटाळ्याचं उत्तरही इथेच आहे. मोबाइलवरची ती रील: 'तिने रील टाकली', अनेकवचन 'रील्स'. चित्रपटाचं ते रीळ: 'रीळ तुटलं', अनेकवचन 'रिळं'. लिंग वेगळं, शेवटचं अक्षर वेगळं. 'शेवटच्या दोन रिळांत' वाचून कुणालाही मोबाइल आठवणार नाही. फक्त जुळारी (अक्षरजुळणी करणारा) 'रीलांत' करणार नाही एवढं पाहा, तपासणीत तेच निसटतं.

लालबाग_मॅटिनी:
केबिनवाल्यांच्या हिशेबावर एक हरकत. रीळ म्हणजे ११ मिनिटं हे बोलपटापासून. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला, तो चार रिळांचा, ३,७०० फूट. मूकपटाचा वेग ठरीव नव्हता. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ६० फूट, म्हणजे तासाभराचा खेळ. तीच पट्टी २४ ने चालवली की ४१ मिनिटांत संपते आणि माणसं दुडूदुडू धावतात. म्हणून रीळ हे लांबीचं माप आहे, वेळेचं नव्हे. लेख मूकपटावरचा असेल तर 'वीस मिनिटं' हे सरळ चूक ठरेल.

केबिनवाला:
मान्य. लेख कुठल्या काळातल्या चित्रपटावर आहे ते धागाकर्त्यांनी सांगावं.

पार्ले_वाचनालय:
पुस्तकांकडेही असाच शब्द आहे: फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली १६ पानं. दहा फर्म्यांचं पुस्तक म्हणजे १६ गुणिले १०, १६० पानं. 'शेवटचे दोन फर्मे ओढूनताणून लिहिलेत' असं छापखान्याशी संबंध असलेला माणूस सहज म्हणतो. वाचक फर्मा पाहत नाही, पण पुस्तकाच्या कण्याकडे वरून पाहिलं तर शिवलेले गठ्ठे मोजता येतात. पुस्तकात एकदम १६ पानं गायब किंवा दोनदा आली तर चूक बांधणीची. हेही रिळाच्या टोकासारखंच.

वसईकर:
'फर्मा' कुठून आला? पोर्तुगीज 'फोर्मा'चं नातं असावं असा माझा कयास आहे.

पार्ले_वाचनालय:
इंग्रजी 'फॉर्म'वरून सरळ लागतो की. बरेच जण अजूनही 'दहा फॉर्मचं पुस्तक' असंच म्हणतात.

स्वभाषाप्रेमी:
मग 'डब्यात गेला' हे सांगा. तयार होऊन प्रदर्शित न झालेला चित्रपट डब्यात गेला, की पडलेला चित्रपट डब्यात गेला? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

केबिनवाला:
रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवतात, तिथूनच. माझ्या मते अर्थ एकच, प्रदर्शित न झालेला. पडलेला चित्रपट 'आपटतो'. तो निदान डब्याबाहेर येऊन आपटलेला असतो.

लालबाग_मॅटिनी:
चाललेलाही शेवटी डब्यातच जातो आणि तिथेच मरतो. मुंबईच्या दमट हवेत बंद डब्यातल्या ॲसिटेट पट्टीला शिर्क्याचा (व्हिनेगरचा) वास सुटतो, पट्टी आक्रसते, मग मशीनच्या दातांवर बसत नाही. त्याआधीची नायट्रेट पट्टी चिकट होऊन शेवटी तपकिरी भुकटी होते. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये लागला, गर्दीने गाजला, आज त्याची एकही प्रत नाही. त्याला 'डब्यात गेला' म्हणायचं की नाही?

स्वभाषाप्रेमी:
म्हणू नये. त्या अर्थासाठी 'हरवला' आहे.

गिरगाव_व्याकरण:
'डब्यात गेला' आणि 'डब्यात पडून आहे' यांत फरक करावा. पहिल्यात निकाल लागलाय, दुसऱ्यात आशा आहे.

मुद्रितशोधक_दादर:
लेख १९५० नंतरच्या बोलपटावर आहे. 'रिळांत' परत घातलंय. पण संपादक आता विचारतायत की त्याच लेखातलं 'चित्रपट डब्यातून बाहेर आला' हे ठेवायचं का.