मदत हवी: गच्चीवरच्या ड्रमसाठी घरी केलेला फ्लोट वाल्व पूर्ण बंद होत नाही

नमस्कार मंडळी,

इंदूरला सुदामानगरात राहतो. गच्चीवर १००० लिटरची टाकी आणि शेजारी झाडांसाठी २०० लिटरचा निळा ड्रम आहे. टाकीतून ड्रम भरतो. झाडांचं सगळं आई बघते. तिला सारखं कॉकपाशी वाकावं लागू नये, म्हणून ड्रम आपोआप भरून थांबायला हवा. शिवाय आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड. नर्मदेकाठच्या जलूदहून जवळपास ७० किलोमीटर, घाट चढवून आणलेलं पाणी पन्हळीतून वाहून गेलेलं मला खरंच बघवत नाही.

बाजारातला बॉल कॉक लावला होता. त्याचं आतलं भोक फार बारीक. इथे टाकीतलं पाणी ड्रमच्या तोंडापेक्षा जेमतेम ६० सेंटीमीटर वर, त्यामुळे ड्रम भरेपर्यंत सकाळची दुपार होते.

म्हणून घरीच केला. ड्रमच्या कडेतून आत आलेला पाइप, त्याला एल्बो लावून तोंड खाली केलं, आतला व्यास २० मिलिमीटर. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची दांडी. बिजागरीपासून ४ सेंटीमीटरवर रबर चिकटवलंय, ३० सेंटीमीटरवर झाकण घट्ट लावलेली लिटरची रिकामी बाटली. बाटली वर आली की रबर पाइपाचं तोंड दाबतं. धार झकास येते, पण ड्रम भरल्यावरही ठिबक चालूच. बाटली मोठी लावू का? की दांडी लांब करू?

प्रतिसाद:

बाटली बदलू नका, जोर भरपूर आहे. २० मिलिमीटरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३.१४ चौ. सें.मी., त्यावर ६० सेंटीमीटर पाणी, म्हणजे साधारण १९० ग्रॅमचा रेटा. तुमची दांडी साडेसातपट (३० भागिले ४) जोर देते, तेव्हा बाटलीपाशी २५ ग्रॅम पुरतात. अर्धी बुडालेली लिटरची बाटली याच्या कितीतरी पट उचलते.

माझ्या मते रबर तिरकं टेकतंय. बिजागरीची खीळ पाइपाच्या तोंडाच्या पातळीत आणा, म्हणजे बंद होताना रबर सपाट बसेल. मग दांडी पुढे थोडी खाली वाकवा, नाहीतर तोंड पाण्यात बुडेल. रबर पक्कं चिकटवण्यापेक्षा नळाचा जाड वाशर मधोमध एका स्क्रूवर किंचित सैल बसवा, तो आपला आपण जागेवर बसतो. करवतीने कापलेलं तोंड कधीच सरळ नसतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर गोल घासून घ्या.

उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी घेत असाल तर तोंडावर पांढरा थर धरतो, तो अधूनमधून लिंबाने काढत जा. आणि ड्रमला ओव्हरफ्लोचा पाइप ठेवाच, त्याच्या तोंडावर जाळी लावून. डास होतात.

प्रश्नकर्ता:

खीळ तोंडापेक्षा तीनेक सेंटीमीटर खाली आहे! रविवारी वर घेतो. वाशर कुठला घेऊ, काळा रबराचा की फायबरचा?

प्रतिसाद:

रबराचाच, आणि मऊ बघून. एवढ्या कमी दाबाला फायबर नीट दबत नाही.